आमची पुराणं मना केलीत, मग दुसरं द्या

गोव्यातल्या साष्टी प्रांतातलं एक चर्च, रविवारची संध्याप्रार्थना नुकतीच झालेली. मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या पाद्रीला जमलेल्यांतला एक ब्राह्मण विचारतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही मना केलीत, मग त्यांच्या जागी तसंच काही आम्हांला का देत नाही? हा प्रसंग ‘ख्रिस्तपुराण’ या मराठी ओवीबद्ध ग्रंथाच्या आरंभी येतो. तो जसाच्या तसा घडला की फादर थॉमस स्टीफन्सनी ग्रंथाला निमित्त म्हणून रचला, ते बाजूला ठेवू. प्रश्न मात्र खरा होता. साष्टीतली देवळं १५६७ मध्ये पाडली गेली होती आणि १५८३ मध्ये तिथल्याच कुंकळ्ळी गावी जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचे पाच जण मारले गेले होते. ‘आम्ही आता कोण?’ हा प्रश्न तिथल्या बाटलेल्या माणसाच्या घरातच बसलेला होता.

‘सर्व राष्ट्रांना शिष्य करा’ ही मत्तयाच्या शुभवर्तमानातली येशूची आज्ञा मिशनरी चळवळीचं मूळ म्हणून सांगितली जाते. तिथल्या मूळ ग्रीक ‘एथ्ने’ शब्दाला सीमा, झेंडा आणि सरकार असलेलं राष्ट्र अभिप्रेत नाही. लोक, जमाती, यहुदी नसलेले समूह असा त्याचा अर्थ. मराठीतला ‘राष्ट्र’ स्वातंत्र्यचळवळीतून तावून सुलाखून निघालेला, त्यामुळे आज हे वाक्य वाचताना कानाला भलतंच ऐकू येतं. शिवाय आज्ञा देणाऱ्याची आणि निघणाऱ्याची बाजू आपण नेहमी ऐकतो. ज्याच्या दारात सुवार्ता पोचली त्याने उलट काय विचारलं, ते क्वचितच नोंदलं जातं. साष्टीतल्या त्या माणसाचं नोंदलं गेलं, हे मोलाचं.

स्टीफन्स मूळचे इंग्रज, १५७९ मध्ये गोव्यात आले ते परत गेलेच नाहीत. त्यांचं उत्तर, म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’, १६१६ मध्ये गोव्यातल्याच रायतूरच्या छापखान्यातून बाहेर पडलं. जवळपास अकरा हजार ओव्या, पहिलं पुराण जुन्या कराराचं आणि दुसरं येशूच्या चरित्राचं. लिपी मात्र रोमी, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या वळणाची मराठी आणि अक्षरं परकी. त्यात स्वर्ग ‘वैकुंठ’ होतो, बाप्तिस्मा ‘ज्ञानस्नान’ होतो. मराठीची थोरवी सांगणारी ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा’ ही ओवी शाळेत पाठ करवली जाते. ती ख्रिस्ती ग्रंथातली आहे, हे निम्म्या वर्गाला कुणी सांगत नाही.

पुढचा धागा मुंबईचा. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नकोच होते, धंद्याला धोका. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा त्यांना परत धाडण्याचाच विचार चालला होता. त्याच वर्षी लंडनच्या संसदेने कंपनीच्या सनदेत मिशनरींना वाट करून दिली आणि प्रश्न मिटला. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेले. त्यांच्या मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणं केलं, १८४२ मध्ये तिथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागलं. शाळा, दवाखाने, छापखाने यांची हकीकत पुष्कळदा सांगून झाली आहे. नगर जिल्ह्याच्या खेड्यांतून मोठ्या संख्येने ख्रिस्ती मंडळीत आले ते महार आणि मांग समाजातले लोक. त्यांची नावं इतिहासात फारशी उरली नाहीत. आत्मचरित्रं लिहिली ती शिकलेल्यांनी, बहुतेक वरच्या जातींतल्यांनी. आडनावं तीच राहिली. गायकवाड, साळवे, शिंदे. स्वातंत्र्यानंतर १९५०च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्यांना त्या यादीबाहेर ठेवलं, तेव्हा ‘आम्ही कोण’ हा प्रश्न कागदावर नव्याने उभा राहिला आणि अजून तो न्यायालयापर्यंत जातो.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला झाला. पण तिथल्या ख्रिस्ती मठातल्या बायकांनी पढवलेला सिद्धांत त्यांनी मुकाट्याने गिळला नाही. भारतातल्या पुरोहितांच्या जाचातून महत्प्रयासाने सुटले, आता दुसऱ्या कुणाच्या जोखडाखाली मान देणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी स्पष्ट कळवलं. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणलं, कमी शिकलेल्या बाईला वाचता यावं म्हणून. ते आश्रमाच्याच छापखान्यात छापलं गेलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, पूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. स्टीफन्सनी पुराणाची भरजरी भाषा घेतली, रमाबाईंनी ती उतरवून ठेवली. दोघांचंही कारण पटतं.

नारायण वामन टिळकांना १८९३ च्या सुमारास नागपूरकडून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार हातात दिला. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण ते आले वारकऱ्यांच्या वाटेने. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. नगरला कृष्णराव सांगळे यांच्यासारखे ख्रिस्ती कीर्तनकार त्यांच्या आधीपासून होते, तरी उपासनेत इंग्रजी चालींची भाषांतरं बरीच गायली जात. टिळकांनी त्यात अभंग आणले. आयुष्याच्या शेवटी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात ख्रिस्ताला मानणाऱ्या बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, तशी न घेतलेल्यांनाही. मंडळीतल्या कित्येकांना हे रुचलं नाही. साष्टीतल्या प्रश्नाला तीनशे वर्षांत मिळालेलं हे सगळ्यांत धाडसी उत्तर, असं मला वाटतं.

घरात मात्र उत्तर सावकाश आलं. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई या धर्मांतराने मोडून पडल्या, काही वर्षं वेगळ्या राहिल्या, नगरला आल्यावरही सोवळं-ओवळं सांभाळून होत्या. जात माणसाने केली, देवाने नव्हे, हे त्यांनी स्वतःच विचार करून ठरवलं आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळक ९ मे १९१९ रोजी वारले, तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या चरित्राचं काव्य साडेदहा अध्यायांवर थांबलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले, ओवीतच.