ब्रॅकिओसॉरस वरोऱ्याकडचा नव्हे

डायनोसॉर पार्कचे गेम खेळणाऱ्या, चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याकडच्या पोट्ट्यांना एवढं पक्कं ठाऊक असतं, की आपल्या डोंगरगावला लांब मानेच्या डायनोसॉरची हाडं निघाली होती. मग पार्कात ब्रॅकिओसॉरस सोडला, की "हा आपलाच!" म्हणून मोकळे. डोंगरगावचा होता इसीसॉरस. दोघांच्या मधे आठेक कोटी वर्षं आहेत.

गफलत होण्यासारखंच आहे म्हणा. डिप्लोडोकस या दुसऱ्या लांब मानेच्या डायनोसॉरचे पुढचे पाय मागच्यांपेक्षा बुटके. या दोघांचे मात्र लांबलचक. पण ब्रॅकिओसॉरसच्या दंडाचं हाड दोन मीटरच्या वर भरतं, इसीसॉरसचं दीड मीटरच्या आतच. इसीसॉरसची मानही त्यामानाने आखूड. ब्रॅकिओसॉरस अमेरिकेतला, १९०३ साली एल्मर रिग्ज यांनी नाव दिलेला. इसीसॉरस टायटॅनोसॉर कुळातला. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी तो खणून काढला, १९९७ साली त्याचं वर्णन 'टायटॅनोसॉरस' म्हणून छापून आलं आणि २००३ मध्ये त्याच संस्थेवरून (आयएसआय, म्हणून 'इसी') त्याला आजचं नाव मिळालं.

खरी गंमत चाऱ्यात आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्याच पिसदुऱ्याला डायनोसॉरच्या शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात. ते टायटॅनोसॉरचे असावेत असं मानतात. त्यांत गवताच्या पेशींतले सिलिकाचे बारीक कण मिळाले, ही बातमी २००५ साली आली तेव्हा जगभर चर्चा झाली, कारण डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतंच असा समज होता. भाताच्या नात्यातलं गवतही त्यात होतं! पोट भरायचं ते मुख्यतः झाडपाल्यानेच, गवत तोंडी लावण्यापुरतं. ब्रॅकिओसॉरसच्या ज्युरासिक काळात मात्र गवताचं एक पातंही मिळालेलं नाही. त्याचा चारा म्हणजे सूचिपर्णी झाडांचे शेंडे आणि तसलाच उंचावरचा पाला.

त्यामुळे गेममधलं हिरवंगार कुरण ब्रॅकिओसॉरससाठी नुसती शोभा समजा. 'ज्युरासिक वर्ल्ड एव्होल्यूशन २'मध्ये चाऱ्याची झाडं आपणच लावायची असतात. तिथे कुंपण वाढवत बसण्याआधी उंच पाल्याची झाडं लावा. जागाही मोठी लागतेच, पण झाडं लावायला विसरणारेच जास्त. शेजारी मांसाहारी अ‍ॅलोसॉरस शोभतो, तो त्याच्याच काळातला आणि त्याच मुलखातला. एका कुंपणात ठेवू नका, एवढंच.

डोंगरगावच्या प्राण्याचा नातेवाईकच पाळायचा असेल, तर त्याच गेममधला ड्रेडनॉटस घ्या. तो अर्जेंटिनाचा आणि इसीसॉरसपेक्षा कितीतरी धिप्पाड, पण कूळ टायटॅनोसॉरचंच. पिसदुऱ्याच्या हिशेबाने त्याच्या पायाखालचं गवतही खपून जातं.