उरलेलं अन्न, मुंबई आणि १ जुलै २०२०

लग्नाच्या पंगतीत उरलेलं अन्न मुंबईत पूर्वीही वाटलं जायचं, पण सगळं ओळखीपाळखीवर. आचारी कुणाला तरी बोलावून घ्यायचा, पातेली रिकामी व्हायची. साठच्या दशकातल्या धान्यटंचाईत अनेक राज्यांनी पाहुण्यांच्या संख्येवरच मर्यादा घातली होती, म्हणजे अन्न उरायलाच नको. नंतर कितीतरी वर्षं ‘अन्न उरलंय? १०९८ ला फोन करा’ हा निरोप फिरत राहिला. तो क्रमांक संकटातल्या मुलांसाठीचा. तिथले लोक ‘आम्ही अन्न गोळा करत नाही’ असं सांगून थकले, तरी निरोप थांबला नाही. द्यायची इच्छा होती, न्यायला कुणी नव्हतं.

ती उणीव २०१४ नंतर भरू लागली. दिल्लीत तरुण स्वयंसेवक हॉटेलांतून अन्न उचलू लागले आणि ते लोण मुंबईतही आलं. २०१५ मध्ये इथल्या डबेवाल्यांनी रोटी बँक सुरू केली. परळच्या रुग्णालयांबाहेर फुटपाथवर दिवस काढणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांपर्यंत गरम जेवण पोहोचू लागलं.

खरा पेच कायद्याचा. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात असुरक्षित अन्नाने कुणाचा मृत्यू झाला तर किमान ७ वर्षं ते जन्मठेप आणि किमान १० लाख दंड अशी तरतूद आहे. ती भेसळ करणाऱ्यांना धाक बसावा म्हणून, पण धसका घेतला केटररने. फुकट दिलेल्या पुलावामुळे कोर्टात कोण उभं राहील? त्यापेक्षा कचऱ्याची गाडी बरी.

अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने सद्हेतूने अन्न देणाऱ्याला संरक्षण दिलं. घोर निष्काळजीपणा किंवा जाणूनबुजून केलेलं गैरकृत्य असेल तरच तो जबाबदार. आपल्याकडे २०१९ मध्ये वाढीव अन्नाच्या वाटपाचे नियम आले. त्यांत स्वच्छता आली, नोंदी आल्या, पदार्थाचं नाव, तयार केल्याची तारीख, शाकाहारी की मांसाहारी हे सांगणारं लेबल आलं. सगळं रास्तच. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मधे रेंगाळलं की जंतू झपाट्याने वाढतात, आणि भुकेल्याच्या ताटात आंबलेलं वाढणं हे दान नव्हे. मात्र अमेरिकेइतकं स्पष्ट कवच देणाऱ्याला मिळालं नाही. नियम करणाऱ्यांनी कामं वाढवली, भीती तशीच ठेवली. मोठ्या हॉटेलांकडे लेबल लावायला माणसं असतात, मंगल कार्यालयातल्या आचाऱ्याकडे नसतात.

हे नियम पाळण्याची मुदत होती १ जुलै २०२०. तेव्हा कोरोनामुळे हॉटेलांत बसून जेवणं बंद आणि लग्नाला ५० माणसांची मर्यादा, त्यामुळे नियम लागू झाले तेव्हा उरलेलं अन्नच नव्हतं! अन्न उचलणाऱ्या गटांनी त्या काळात स्वतः चुली पेटवल्या, शिधा वाटला. निर्बंध उठल्यावर उचल पुन्हा सुरू झाली, पण ती सोपी जाते ती हॉटेलं आणि ऑफिसांच्या कॅन्टीनमधून, जिथे वेळ ठरलेली असते. रात्री अकराला संपणाऱ्या रिसेप्शनचं अन्न तासाभरात गाठायला गाडी लागते, ड्रायव्हर लागतो, आणि त्या वेळी जागं असलेलं कुणीतरी जेवणारंही लागतं.