गर्भाशय रिकामं दिसतं तेव्हा

"डॉक्टर, पट्टीवर दोन रेघा आल्यात, मग बाळ का दिसत नाही?" ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मराठी घरची सून मला विचारत होती. सासूबाईंनी समजूत घातली, "लवकर असेल गं, पंधरा दिवसांनी पुन्हा येऊ." मला धास्ती वाटते ती या पंधरा दिवसांचीच.

पाळी चुकून दोन आठवडे झालेले, म्हणजे शेवटच्या पाळीपासून मोजलं तर सहावा आठवडा. थोडा तपकिरी डाग, उजवीकडे ओटीपोटात दुखणं. पाळी नियमित असेल तर आतून, म्हणजे योनिमार्गातून, केलेल्या सोनोग्राफीत पाचव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची पिशवी दिसते, सहाव्याच्या आसपास हृदयाचे ठोके. पोटावरून हेच साधारण आठवडाभर उशिरा कळतं. बारीक तपशील दाखवणाऱ्या ध्वनिलहरी फार खोल जात नाहीत, म्हणून प्रोब, म्हणजे सोनोग्राफीची दांडी, जवळ न्यावा लागतो. बायका संकोचतात, ते साहजिकच आहे. पण या तपासणीने गर्भाला इजा होत नाही, आणि लघवी रोखून ताटकळावंही लागत नाही.

तिच्या गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, पिशवी मात्र नव्हती. उजव्या बीजकोशाशेजारी एक पांढरं कडं दिसलं, मध्ये काळं, अगदी छोट्या मेदूवड्यासारखं. बीजकोशातल्या साध्या गाठीचंही असं कडं दिसतं, म्हणून प्रोबने हलकेच दाबून पाहिलं. कडं बीजकोशापासून वेगळं सरकलं. गर्भ गर्भाशयात नव्हे, बीजकोशाकडून गर्भाशयाकडे येणाऱ्या नळीत होता. मग गर्भाशयामागची जागा पाहिली. तिथे रक्त साचलेलं नव्हतं, नळी फुटली नव्हती.

शंभर गर्भधारणांत एक-दोन अशा जागा चुकलेल्या असतात, आणि त्यातल्या दहापैकी नऊहून अधिक नळीतच. कधी कधी गर्भ कुठेच सापडत नाही. अशा वेळी 'काही नाही' म्हणून घरी जायचं नसतं. बीटा एचसीजी, म्हणजे गर्भधारणेच्या संप्रेरकाची रक्ततपासणी, करायचं, ४८ तासांनी पुन्हा करायचं आणि दोन्ही आकडे सोनोग्राफीशी ताडून बघायचे. मध्येच चक्कर आली, पोटात जोराची कळ आली किंवा खांद्याच्या टोकाला दुखू लागलं, तर त्याच क्षणी इस्पितळ गाठायचं. पोटात साचलेलं रक्त श्वासपटलाला डिवचतं, म्हणून खांदा दुखतो.

तिचं बीटा एचसीजी कमी होतं, गर्भाचे ठोकेही नव्हते, त्यामुळे गर्भाची वाढ थांबवणाऱ्या मेथोट्रेक्सेट या औषधाच्या इंजेक्शनवर भागलं. चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्त तपासलं. चौथ्या दिवसापेक्षा सातव्या दिवशी बीटा एचसीजीचा आकडा निदान १५ टक्के उतरावा लागतो. तो उतरला. आता शून्याजवळ येईपर्यंत दर आठवड्याला रक्त द्यायचं आहे, आणि दरवेळी सासूबाई सोबत येतात.