विष, छाटणी आणि काचेची नळी

नाशिकच्या दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांची गोडी छाटणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याची माणसं बागांवर कामाला येतात. पाचोळ्यात, बांधावर हात-पाय पडतात आणि कुणाला तरी साप चावतो. साप घोणस होता की आणखी कुठला, हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. डॉक्टर दोन मिली रक्त काढून कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत ठेवतात. वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. मग ती एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर विष रक्तात भिनलंय असं समजून प्रतिविष सुरू होतं.

विषाने रक्त पातळ केलं, असं आपण सहज म्हणून जातो. आधी घडतं ते उलट. घोणसाच्या विषात प्रथिनं कापणारी विकरं, म्हणजे प्रोटिएज जातीची एन्झाइम, असतात. रक्तातल्या ‘घटक दहा’ या झोपलेल्या प्रथिनाला ती नेमक्या जागी कापून जागं करतात. गोठण्याची साखळी अंगभर एकदम सुटते, त्यात गुठळी बांधणारं प्रथिन, फायब्रिनोजेन, खर्ची पडतं आणि मग गोठायला काही उरतच नाही.

प्रथिन कापणं म्हणजे ते नष्ट करणंच, असा समज फार काळ होता, कारण हा अभ्यास पोटापासून सुरू झाला. १७५२ मध्ये फ्रान्समध्ये रेओम्युर यांनी पाळलेल्या घारीला धातूच्या नळीत मांस घालून गिळायला दिलं. न पचलेलं ती उलटून टाकते, हे त्यांना माहीत होतं. नळी बाहेर आली तेव्हा मांस बरंचसं विरघळलेलं होतं. नळीतलं मांस चिरडलं जाणं शक्यच नव्हतं, तेव्हा हे काम रसाचं होतं. १८३६ मध्ये थिओडोर श्वान यांनी त्या रसातल्या कर्त्याला पेप्सिन हे नाव दिलं.

मला यापुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. मांस विरघळवणारा रस बनवणारी ग्रंथीही मांसाचीच. मग ती शाबूत कशी राहते? १८७५ मध्ये हायडेनहाइन यांना दिसलं की ताज्या स्वादुपिंडाचा अर्क प्रथिनं कापत नाही, ठेवून दिला की कापू लागतो. ग्रंथी कात्री बनवते, पण मिटलेली. ती उघडणारं विकर आतड्यात असतं, हे १८९९ मध्ये पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेत कळलं. त्याच्या तीनच वर्षं आधी हान्स किआरी यांनी मांडलं होतं की स्वादुपिंडाच्या एका जीवघेण्या आजारात ते स्वतःलाच पचवतं. कात्री वाटेतच उघडली तर काय होतं, ते हेच. १९६३ मध्ये स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांना याची दुसरी बाजू दिसली: विकराला आवरणारं एक प्रथिन ज्यांच्या रक्तात फार कमी होतं, त्यांच्यातल्या काहींची फुप्फुसं तरुणपणीच झिजत होती.

द्राक्षबागाईतदाराला यात नवल वाटू नये. किती डोळ्यांवर काडी कापली, यावर वर्षाचं पीक ठरतं आणि चुकून छाटलेली काडी परत जोडता येत नाही.

घोणसाचं विष या इतिहासात १९३४ मध्ये आलं. लंडनमध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी ते अतिशय पातळ करून हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, रुग्णांच्या वाहत्या जखमेवर लावलं आणि रक्त थांबलं. याच मॅकफार्लेन यांनी पुढे १९६४ मध्ये रक्त गोठण्याची साखळी मांडली: एक विकर दुसऱ्याला कापून जागं करतं, दुसरं तिसऱ्याला.

पेशीच्या आतला भाग उशिरा उलगडला. शाळेत आपण लयकारिकांना, म्हणजे पेशीतल्या लायसोसोमना, ‘आत्मघाती पिशव्या’ म्हणून शिकतो. नाव लक्षात राहतं, पण अन्यायकारक आहे. १९५५ मध्ये क्रिस्तियाँ द ड्यूव्ह यांनी ओळख करून दिलेल्या या पिशव्या रोजची साफसफाई करतात. तरी एक कोडं उरलंच होतं: पेशीतल्या प्रथिनांच्या मोडतोडीला ऊर्जा कशाला लागावी? १९८० च्या सुमारास हर्श्को, सिकानोव्हर आणि रोझ यांनी ते सोडवलं. जे प्रथिन मोडायचं त्यावर पेशी युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची चिठ्ठी लावते. ही खूण आणि पुढची मोडतोड, दोन्हींत ऊर्जा खर्च होते. प्रोटिएझोम नावाच्या पिंपात तेवढीच प्रथिनं शिरतात. पाती पिंपाच्या आतल्या अंगाला, म्हणजे बाकीची पेशी सुरक्षित. तिघांना २००४ मध्ये नोबेल मिळालं. त्याच्या आदल्याच वर्षी मल्टिपल मायलोमा या कर्करोगावर बोर्टेझोमिब हे औषध मंजूर झालं होतं. ते हेच पिंप अडवतं आणि प्रथिनांचे ढीग बनवणारी कर्कपेशी स्वतःच्याच कचऱ्यात गुदमरते.

आपल्या घरांतही या इतिहासाचा एक तुकडा आहे. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ येतं त्या रक्तदाबाच्या गोळ्या एका प्रोटिएजलाच अडवतात. त्यातली पहिली, कॅप्टोप्रिल, १९८१ मध्ये बाजारात आली आणि तिची वाट ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषातून सापडली होती.

पुन्हा त्या वॉर्डात. प्रतिविष देऊन झालंय, सूज वाढायची थांबलीय. बाहेर बाकावरचे नातेवाईक विचारतात, ‘आता बरं हाय ना, मग परत रगत कशाला?’ विष अडवलं तरी जे कापलं गेलं ते सांधत नाही. फायब्रिनोजेन यकृताला नव्याने घडवावं लागतं आणि त्याला काही तास लागतात. म्हणून सहा तासांनी सिस्टर पुन्हा दोन मिली रक्त घेतात, कोरडी काचेची नळी उभी ठेवतात आणि घड्याळ बघतात.