मायक्रोग्लिया पेशींतील ग्लुकोज-चयापचय

मेंदू आणि मेरुरज्जूत कायम वस्तीला असणाऱ्या प्रतिरक्षा पेशी म्हणजे मायक्रोग्लिया. स्पॅनिश शास्त्रज्ञ पीओ देल रीओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांना हे नाव दिले. गर्भावस्थेच्या सुरुवातीलाच त्या पीतक कोशातून (गर्भाला जोडलेल्या एका पिशवीतून) मेंदूत येतात आणि तिथल्याच होतात.

कोणताही धोका नसताना या पेशींना 'विश्रांत' म्हणण्याचा प्रघात आहे. तो शब्द फसवा आहे. २००५ मध्ये जिवंत उंदरांच्या मेंदूत त्यांचे निरीक्षण झाले, तेव्हा त्यांच्या बारीक शाखा सतत आजूबाजूची चाचपणी करताना दिसल्या. या गस्तीला लागणारी ऊर्जा त्या मुख्यतः काटकसरीने मिळवतात : ग्लुकोजचे विघटन होऊन पायरुव्हेट हे लहान संयुग तयार होते (हा टप्पा म्हणजे ग्लायकोलिसिस), ते तंतुकणिकेत, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रात, जाते आणि ऑक्सिजनच्या साहाय्याने त्याचे पूर्ण ज्वलन होते. एका ग्लुकोज रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, सुमारे ३० रेणू हाती येतात.

जिवाणूंचे अंश किंवा बीटा-अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे प्रथिन) समोर आले की ही रीत पालटते. पेशीच्या पटलावर ग्लुट-१ हे ग्लुकोज-वाहक प्रथिन वाढते, ग्लायकोलिसिसचा वेग वाढतो आणि ऑक्सिजन उपलब्ध असूनही बरेचसे पायरुव्हेट लॅक्टेटमध्ये बदलते. जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी कर्करोगाच्या पेशींत पाहिलेला प्रकार तो हाच. ग्लायकोलिसिसमधून रेणूमागे निव्वळ दोनच एटीपी मिळतात, म्हणून ही उधळपट्टी वाटते. पण एटीपी झटपट मिळते, हा तिचा मोठा फायदा. शिवाय काही ग्लुकोज पेंटोज फॉस्फेट मार्ग या चयापचयाच्या दुसऱ्या वाटेकडे वळते. तिथे तयार होणारे एनएडीपीएच हे इलेक्ट्रॉन पुरवणारे संयुग वापरून पेशी जंतुनाशक ऑक्सिजन-संयुगे बनवते. तेव्हा शर्करा इथे इंधनही असते आणि दारूगोळ्याचा कच्चा मालही.

ग्लुकोजचा पुरवठा तुटला तरी गस्त थांबत नाही. उंदरांच्या मेंदूवरील प्रयोगांत मायक्रोग्लिया अशा वेळी ग्लुटामिन या अमिनो आम्लावर काम चालवताना आढळल्या आहेत.

खरी अडचण दीर्घकाळच्या सक्रियतेत आहे. बीटा-अमायलॉइडच्या सततच्या सहवासात पेशींचे चयापचय मंदावते आणि कचरा गिळण्याची त्यांची क्षमता घटते. अल्झायमरचा धोका वाढवणारे ट्रेम-२ जनुकातील (मायक्रोग्लियांच्या पटलावरील एका ग्राही प्रथिनाच्या जनुकातील) बदल इथे महत्त्वाचे ठरतात : उंदरांत हे जनुक काढून टाकले असता मायक्रोग्लियांतील एटीपी घटले आणि अमायलॉइडच्या गाठींभोवती त्यांचा वेढा नीट पडला नाही.

निदानासाठीही याचे महत्त्व आहे. एफडीजी-पेट स्कॅनमध्ये (किरणोत्सारी खूण लावलेले ग्लुकोजसदृश द्रव्य टिपणाऱ्या चित्रणात) दिसणारा ग्लुकोजचा वापर चेतापेशींच्या कामाची खूण म्हणून वाचला जातो. पण त्या संकेतात मायक्रोग्लियांचाही मोठा वाटा असल्याचे २०२१ मध्ये उंदरांवरील अभ्यासातून पुढे आले.