संताशी मैत्री आणि १९६९ची दिनदर्शिका

विदर्भातल्या खेड्यापाड्यांतल्या कॅथलिक घरांत संत अंतोनीला सरळ काम सांगितलं जातं. बकरी चुकली, सातबाऱ्याचा कागद सापडेना, शहरात गेलेल्या पोराचा फोन लागेना, की कोनाड्यातल्या मूर्तीपुढे बोलणं सुरू होतं: "अंतोनीबाबा, माही बकरी धुंडून दे, मंगळवारी मेणबत्ती लावतो." यात विनवणी कमी आणि हक्क जास्त असतो. अलीकडे चर्चच्या शिबिरांतून 'एक संत निवडा, त्याच्याशी मैत्री करा' असं तरुणांना सांगितलं जातं, तेव्हा ही काहीतरी नवी टूम असावी असं वाटतं. प्रत्यक्षात तिची मुळं इथे दीडशेहून अधिक वर्षं जुनी आहेत. मधल्या काळात तिला सर्वांत मोठा धक्का बसला तो रोमहून निघालेल्या एका तारखांच्या यादीने, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

संतांचा मान आणि देवाची आराधना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ७८७मध्ये नायसियाला भरलेल्या चर्चच्या धर्मपरिषदेत ठरलं. संतांची मध्यस्थी, म्हणजे आपल्यासाठी देवाकडे शब्द टाकायला सांगणं, योग्य असल्याचा कॅथलिकांच्या ट्रेंट धर्मपरिषदेचा निर्णय १५६३चा. प्रॉटेस्टंटांना तो मान्य नाही. नागपुरात स्कॉटिश मिशन कॅथलिक मिशनच्या आगेमागेच उभं राहिलं, त्यामुळे 'देवाशी थेट बोला, मध्ये माणूस कशाला' हा वाद इथल्या ख्रिस्ती वस्त्यांना पहिल्यापासून ओळखीचा आहे. तो अजून मिटलेला नाही.

इथली खरी सुरुवात कामठीच्या छावणीत आहे. इंग्रजांनी ती १८२१मध्ये वसवली आणि तिथल्या आयरिश शिपायांना कॅथलिक धर्मगुरू हवे होते. १८४५मध्ये फ्रान्सच्या बाजूच्या आल्प्समधल्या ॲनेसी गावाहून (ते तेव्हा सार्डिनियाच्या राज्यात होतं) मिशनरी निघाले, विशाखापट्टणमला पोचले आणि तिथून त्यांचं काम नागपूर-कामठीकडे पसरलं. १८८७मध्ये विशाखापट्टणमपासून वेगळा काढून नागपूरचा धर्मप्रांत झाला. हे मिशनरी ॲनेसीचे म्हणून त्यांचा संतही ॲनेसीचा, फ्रान्सिस द सेल्स. नागपूरचं कॅथेड्रल त्याच्याच नावाचं आहे. याच कामठीत १८६१मध्ये ताजुद्दीनबाबांचा जन्म झाला आणि १८७८मध्ये शेगावात गजानन महाराज प्रकटले. म्हणजे घरातल्या माणसासारखं एखाद्या सत्पुरुषाशी बोलणं या मुलखाला शिकवावं लागलं नाही. शेजारची बाई गुरुवारी महाराजांना जे सांगत होती, तेच ख्रिस्ती बाई मंगळवारी अंतोनीला सांगू लागली. अंतोनीचा मंगळवार मात्र इटलीतून आलेला आहे. १२३१च्या जूनमध्ये पाडुआला त्याचं दफन झालं तो वार मंगळवार होता.

फ्रान्सिस द सेल्स हा मैत्रीचा संत म्हणावा इतका या विषयात मुरलेला. १६०९च्या आपल्या फ्रेंच पुस्तकात त्याने संसारी माणसांसाठी लिहिलं, मठातल्यांसाठी नव्हे, आणि त्यात खऱ्या-खोट्या मैत्रीवर प्रकरणंच्या प्रकरणं खर्च केली. त्याच पुस्तकात तो सांगतो की ज्यांचं आयुष्य आपल्याला रुचतं आणि ज्यांच्यासारखं वागणं आपल्याला झेपेल असे काही संत निवडावेत. ज्याचं नाव बाप्तिस्म्यात मिळालं तो तर आधीच आपला झालेला असतो. शिबिरांतल्या आजच्या शिकवणीत याहून वेगळं फारसं काही नसतं.

हे बाप्तिस्म्याचं नाव विदर्भात महत्त्वाचं ठरलं. १९१७च्या चर्चच्या कायद्यात अशी तरतूद होती की आईबापांनी ख्रिस्ती नाव दिलं नाही, तर धर्मगुरूने संताचं नाव स्वतः जोडावं आणि वहीत दोन्ही नावं लिहावीत. म्हणून शाळेच्या दाखल्यावर प्रकाश आणि चर्चच्या वहीत जोसेफ, अशी माणसं जुन्या पिढीत भेटतात. १९८३च्या नव्या कायद्याने ती सक्ती सोडली. नाव ख्रिस्ती भावनेला विसंगत नसलं की झालं. मराठी नावं मोकळेपणाने ठेवता येऊ लागली हे उत्तमच झालं. पण जन्मापासून नेमून दिलेला सोबती त्याबरोबर गेला, हेही खरं.

आता १९६९. त्या वर्षी १४ फेब्रुवारीला पोप सहावे पॉल यांनी संपूर्ण चर्चची सणांची दिनदर्शिका बदलली आणि १ जानेवारी १९७०पासून ती लागू झाली. संतांची गर्दी कमी करून रविवार आणि ख्रिस्ताचे सण पुढे आणायचे, हा हेतू. तो चुकीचा होता असं म्हणता येणार नाही. घोळ झाला तो तपशिलात. प्रवाशांचा संत ख्रिस्तोफर सार्वत्रिक यादीतून निघाला, आणि 'पोपने संत रद्द केला' अशी बातमी जगभर फिरली. रद्द वगैरे काही झालं नव्हतं. स्थानिक पातळीवर त्याचा सण पाळायला मुभा होती. पण बदललेलं तेवढं पोचलं, मुभा मात्र मागेच राहिली.

विदर्भाच्या वाट्याला आलेला बदल कमी गाजला, पण जास्त जवळचा होता. फ्रान्सिस द सेल्सचा सण २९ जानेवारीवरून २४ जानेवारीवर गेला. नियम असा की संताचा सण शक्यतो त्याच्या मृत्यूच्या दिवशी ठेवायचा. तो १६२२मध्ये लिऑनला वारला २८ डिसेंबरला, पण त्या दिवशी हेरोदाने मारलेल्या बालकांचा सण असतो. म्हणून ॲनेसीतल्या दफनाचा २४ जानेवारी धरला गेला. अभ्यासकाला हे पटतं. तुरीची सोंगणी आणि कापसाचा शेवटचा वेचा सांभाळून ज्याने वर्षानुवर्षं २९ तारीख डोक्यात ठेवली, त्याला मात्र आपल्या माणसाचा दिवस न विचारता हलवला असंच वाटणार. त्यातही विदर्भाने मधला मार्ग काढावा अशी सोय आपोआप होती. दोन तारखांच्या मध्येच २६ जानेवारीची सुट्टी येते. शिवाय लोकांना प्रिय असलेला सण साधारण काळातल्या (नाताळ-ईस्टरचे हंगाम सोडून उरलेल्या दिवसांतल्या) रविवारी साजरा करायला नव्या नियमांतच परवानगी आहे.

येशूचा शिष्य संत थोमा याचं उलट झालं. त्याचा सण २१ डिसेंबरवरून ३ जुलैला आणला. भंडारा-गोंदियाकडे डिसेंबरात धान चुरून घरात आलेला असतो, चार पाहुणे बोलावता येतात. जुलैच्या सुरुवातीला पऱ्हे टाकलेले, रोवणी तोंडावर आणि डोळे आभाळाकडे. सणाला माणूस उरत नाही. चंद्रपूर भागात मात्र हा बदल जाणवलाच नाही. तिथलं मिशन १९६२मध्ये केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे (पोपला मानणारं, पण पूर्वेकडच्या उपासना-पद्धतीचं कॅथलिक चर्च) सोपवलं गेलं होतं, आणि त्यांच्या परंपरेत थोमाचा दिवस पूर्वापार ३ जुलैच आहे. रोमने पूर्वेकडच्यांची तारीख घेतली, तेव्हा विदर्भातल्या दोन परंपरांचा थोमा पहिल्यांदा एका दिवशी आला. माझ्या मते त्या फर्मानातला हा सर्वांत चांगला निर्णय होता, शेतीच्या गणितात कितीही अडचणीचा असला तरी.

अंतोनीच्या १३ जूनला कोणी हात लावला नाही. मृग लागून आठवडा होत आलेला, पेरणीचा जीव टांगणीला. गावातली त्याची जवळीक टिकली यात या न हललेल्या तारखेचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. येशूचा पालक पिता जोसेफ याला तर १९५५मध्ये एक दिवस वाढवून मिळाला होता: १ मे, कामगार जोसेफ. कामगार दिनाला चर्चचं उत्तर म्हणून तो आला आणि १९६०पासून महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीत मिसळला. वेगळा विदर्भ मागणारे त्याच दिवशी काळे झेंडे दाखवतात, ती गोष्ट निराळी.

पुढचे बदल भराभर झाले. १९७७मध्ये चंद्रपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि केरळचे संत या भागात शिरले. अल्फोन्सा २००८मध्ये संत झाली, चावरा २०१४मध्ये. मदर तेरेसा २०१६मध्ये. जानेवारी २०१५मध्ये पोप फ्रान्सिस यांनी मनिलात सांगितलं की ते अडचण चिठ्ठीवर लिहून निजलेल्या जोसेफच्या मूर्तीखाली ठेवतात. डिसेंबर २०२०पासून चर्चने पाळलेलं जोसेफ वर्ष कोरोनात गेलं. चर्च कधी बंद, कधी उघडं, आणि घरातल्या मूर्तीखाली चिठ्ठी ठेवायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

२०२२मध्ये देवसहायम पिळ्ळै संत झाले. भारतातले हे पहिले संसारी संत, त्रावणकोरच्या राजदरबारातले चाकर, १७५२मध्ये मारले गेले. त्यांचा दिवस १४ जानेवारी, म्हणजे बहुतेक वर्षी संक्रांतच. गावातल्या ख्रिस्ती घरांत त्या दिवशी तिळगूळ आधीपासूनच येत होता, त्यामुळे निदान ही तारीख लक्षात ठेवायला जड जाणार नाही.