सोळा-अठरा वर्षांखालच्या भारतीय बास्केटबॉल संघात जायचंय? वय, नागरिकत्व, निवड आणि कागदपत्रांची माहिती

सोळा वर्षांखालच्या भारतीय बास्केटबॉल संघासाठी फॉर्म कुठे भरायचा, असा प्रश्न पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून येतोच. असा फॉर्म नसतो. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या स्पर्धेत खेळाडू स्वतःहून नाव घालू शकत नाही, क्लब किंवा शाळाही नाही. देशाची मान्यताप्राप्त संघटनाच संघ पाठवते आणि आपल्याकडे ती म्हणजे बास्केटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया, बीएफआय. तेव्हा कुणी ‘इंडिया टीमचा फॉर्म’ म्हणून लिंक पाठवली आणि खाली क्यूआर कोड असला, तर तिथेच थांबा.

फॉर्म नाही, पण कागद भरपूर आहेत. निवडीची यादी लागल्यावर ते गोळा करायला वेळ मिळत नाही, म्हणून पोरगं चांगलं खेळायला लागलं की घरच्यांनी त्यात लक्ष घालावं.

स्पर्धा कोणत्या

आशियात दोन वयोगट महत्त्वाचे आहेत, सोळा वर्षांखालचा आणि अठरा वर्षांखालचा. मुलांचे आणि मुलींचे आशिया चषक वेगळे होतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडही आता याच स्पर्धांत खेळतात, त्यामुळे पहिल्या चारात येणं आणखी अवघड झालंय. सोळाखालच्या आशिया चषकातले पहिले चार संघ पुढे सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाला जातात, अठराखालचे पहिले चार एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकाला. दोन्ही विश्वचषकांत सोळा-सोळा संघ असतात. मुलांची एकोणीसखालची स्पर्धा १९७९ मध्ये ब्राझीलच्या साल्वादोरला सुरू झाली, सतराखालची २०१० मध्ये हॅम्बुर्गला. मुलींच्या आशिया स्पर्धेत अ आणि त्याखालचा ब असे दोन गट असतात. २०१७ मध्ये बंगळुरूत सोळाखालच्या भारतीय मुलींनी ब गट जिंकला होता.

वय कसं मोजतात

इथे बरेच पालक चुकतात. स्पर्धेच्या दिवशी मुलाचं वय किती हे फिबा बघत नाही, जन्माचं वर्ष बघते. स्पर्धेच्या वर्षातून वयोगटाचा आकडा वजा करायचा आणि त्या वर्षाच्या १ जानेवारीला किंवा नंतर जन्मलेला खेळाडू चालतो. २०२५ च्या सोळाखालच्या स्पर्धेला १ जानेवारी २००९ ही मर्यादा होती, २०२६ च्या अठराखालच्या स्पर्धेला १ जानेवारी २००८. म्हणजे जानेवारीत जन्मलेला मुलगा मैदानावर उतरताना सोळा पूर्ण झालेला असू शकतो आणि तरीही तो नियमात बसतो.

सोळाखालचा आशिया चषक अलीकडे विषम वर्षी होतो आणि अठराखालचा सम वर्षी. याचा परिणाम फार कमी जण लक्षात घेतात. २०१० साली जन्मलेली मुलगी २०२५ च्या सोळाखालच्या स्पर्धेत लहान गणली गेली, कारण २००९ च्या मुली तिच्यापेक्षा वर्षभर मोठ्या. २०२७ ला ती वयातून बाद. पण २०२८ च्या अठराखालच्या स्पर्धेत तीच मोठ्यांत मोडेल. २०११ वाल्यांचं उलटं, त्यांना २०२७ ला संधी जास्त आणि २०२८ ला कमी. सोळाखालच्या संघात नाव आलं नाही म्हणून दहावीत खेळ सोडायला निघालेल्या मुलीच्या घरी हा हिशोब एकदा मांडून बघावा.

वयचोरी हा आपल्या खेळांचा जुना रोग आहे. तिच्याविरुद्ध क्रीडा मंत्रालयाची २०१० पासून राष्ट्रीय संहिता आहे आणि शंका आली तर मनगटाच्या एक्स-रेसारखी वैद्यकीय तपासणी होऊ शकते. जन्मानंतर पाच-सात वर्षांनी नोंदवलेला दाखला पाहिला की निवड समितीच्या भुवया उंचावतात. घरच्यांची काही चूक नसली तरी तसंच होतं. अशा वेळी रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद, लसीकरणाचं कार्ड, पहिलीच्या प्रवेशाचा जनरल रजिस्टरचा उतारा असं जे जुनं सापडेल ते जपून ठेवा.

नागरिकत्व: न्यू जर्सीतल्या आणि दुबईतल्या मुलांसाठी

ज्या देशाकडून खेळायचं त्या देशाचं कायदेशीर नागरिकत्व हवं आणि पासपोर्ट हा त्याचा पुरावा, एवढा फिबाचा मूळ नियम. सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर ज्यानं नागरिकत्व मिळवलं असा एकच खेळाडू संघात चालतो. म्हणून सोळाच्या आत निघालेला पासपोर्ट हा सगळ्यांत सोपा पुरावा ठरतो. आणखी एक, वयाची सतरा वर्षं झाल्यावर एका देशाकडून फिबाच्या मुख्य स्पर्धेत खेळलं की सर्वसाधारणपणे दुसऱ्या देशाचं दार बंद होतं.

आई-बाबा पुण्याचे, मुलगा न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये जन्मला, त्याच्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट आणि ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड आहे. हा मुलगा भारताकडून खेळू शकत नाही. ओसीआय हे नावात ‘सिटिझन’ असलं तरी नागरिकत्व नव्हे. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही आणि भारतीय संघात फक्त भारतीय पासपोर्टधारकच खेळतील, असं क्रीडा मंत्रालयाचं धोरण २००८ पासून आहे. मग परदेशी नागरिकत्व सोडून भारतीय घ्यायचं म्हटलं, तर ओसीआय कार्डधारकासाठीच्या मार्गात अर्जदार सज्ञान असावा लागतो, कार्डाला पाच वर्षं झालेली असावी लागतात आणि अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य लागतं. म्हणजे सगळं जुळून येईपर्यंत अठराखालचा गट मागे पडलेला असतो आणि पुढे सीनियर संघातही तो त्या ‘एका जागे’चाच उमेदवार. हा नियम बदलावा की नाही यावर वाद घालता येईल. माझं मत बदलावा असं आहे, पण आज तरी तो असा आहे आणि पालकांनी खोट्या आशेवर दरवर्षी तिकिटं काढू नयेत.

आखातातल्या मराठी घरांचं चित्र वेगळं. दुबई, मस्कत, दोह्यात वाढलेल्या मुलांकडे बहुतेक वेळा भारतीय पासपोर्टच असतो, त्यामुळे भारताकडून खेळण्यात नागरिकत्वाची अडचण नाही. अडचण असते ती निवड चाचण्या आणि शिबिरासाठी इथे येऊन राहण्याची, आणि ती घरच्यांनी शाळेच्या परीक्षांचं वेळापत्रक समोर ठेवून सोडवायची.

निवडीची वाट

जिल्हा संघटना, मग राज्य, मग राष्ट्रीय स्पर्धा, मग बीएफआयचं शिबिर. शॉर्टकट नाही. राष्ट्रीय पातळीवर ‘यूथ’ म्हणजे सोळाखालचे आणि ‘ज्युनिअर’ म्हणजे अठराखालचे. सब-ज्युनिअर म्हणजे त्याहून लहान. राज्याच्या संघात यायला आधी जिल्ह्याच्या निवड चाचणीला हजर राहावं लागतं आणि त्याची सूचना बऱ्याचदा चार-पाच दिवस आधी, तीही फक्त प्रशिक्षकांच्या ग्रुपवर येते. त्यामुळे क्लब कोणता आहे यापेक्षा तो जिल्हा संघटनेला जोडलेला आहे का, हे विचारा. गोव्यात राहणाऱ्यांनी गोव्याच्या संघटनेकडे जायचं. घर बदललं आणि राज्य बदलायचं असेल तर जुन्या संघटनेचा ना हरकत दाखला मागतील.

शालेय स्पर्धांची वाट निराळी आहे. त्या क्रीडा विभाग घेतो, गट चौदा, सतरा आणि एकोणीस असे असतात. त्यातली कामगिरी शाळेत आणि बोर्डात उपयोगी पडते, पण तेवढ्यावर बीएफआयच्या शिबिराचं बोलावणं येत नाही. सोळाखालच्या फिबा स्पर्धेत खेळायचं असेल आणि वर्षभर फक्त शाळेकडूनच खेळत असाल, तर निवड समितीच्या नजरेस पडणं कठीण. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली ती महाराष्ट्राच्या वयोगटातल्या संघांतून वर येऊन.

राष्ट्रीय स्पर्धेतून शिबिरासाठी नावं निघतात. फेडरेशन आधी फिबाकडे मोठी यादी पाठवते आणि शेवटी बारा जणांचा संघ उरतो. शिबिरातून परत पाठवलं तरी ती नोंद वाया जात नाही, पुढच्या वयोगटात ती कामी येते.

फाइलमध्ये काय हवं

सगळ्यांत आधी जन्मदाखला. तो उघडून नीट वाचा. अनेक दाखल्यांत मुलाच्या नावाची जागा रिकामी असते, कारण बारशाआधी नोंद झाली आणि नंतर कुणी नाव घालायला गेलंच नाही. महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात अर्ज देऊन नाव चढवून घ्या.

मग नावाचा घोळ. शाळेच्या दाखल्यावर ‘जाधव सई संदीप’, आधारवर ‘सई जाधव’, पासपोर्टवर ‘सई संदीप’ हे नावाच्या रकान्यात आणि ‘जाधव’ आडनावाच्या. तिन्ही एकाच मुलीचे कागद, पण फेडरेशनच्या नोंदीत आणि विमानाच्या तिकिटावर पासपोर्टप्रमाणेच नाव जातं. म्हणून पासपोर्ट काढण्याआधी जन्मदाखला, आधार आणि शाळेची नोंद एकसारखी करून घ्या आणि इंग्रजी स्पेलिंगही अक्षरन्‌अक्षर जुळवा. ‘Sai’ की ‘Saee’ हा वाद शिबिरात मिटवता येत नाही.

पासपोर्टबाबत मुदतीकडे लक्ष द्या. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. नवव्या वर्षी सिंगापूरच्या सहलीसाठी काढलेला पासपोर्ट नेमका चौदाव्या वर्षी, सोळाखालच्या शिबिराच्या तोंडावर संपतो. पंधरा ते अठरा वयात अठरापर्यंतचा किंवा दहा वर्षांचा असा पर्याय मिळतो. ३६ पानी पासपोर्टला अल्पवयीनांचं शुल्क १००० रुपये, दहा वर्षांचा घेतला तर १५००, तत्काळ हवा असेल तर वर २००० रुपये. अर्जासोबत आई-वडील दोघांच्या सहीचं अनुबंध ‘डी’ लागतं. एकाचीच संमती मिळण्यासारखी असेल, तर अनुबंध ‘सी’. आई-वडिलांचे स्वतःचे पासपोर्ट असतील तर मुलाचं काम बरंच सोपं होतं. प्रवासाच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी, नाहीतर व्हिसा अडतो.

बाकी आधार, शाळेचं बोनाफाइड, खेळाडू नोंदणीचं ओळखपत्र, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि राज्य व राष्ट्रीय स्पर्धांची प्रमाणपत्रं. यांच्या मूळ प्रती एका प्लास्टिक फोल्डरमध्ये आणि स्कॅन मोबाइलवर. मूळ प्रत कुणाकडेही, अगदी प्रशिक्षकांकडेही, ठेवून यायची नाही.

शिबिरानंतर

निवड झाली की फिबाचं खेळाडू घोषणापत्र येतं. खेळाडू अल्पवयीन असल्यानं पालकांची सही लागते. खाली सही करण्याआधी ते वाचा, कारण उत्तेजक चाचणीला आणि फिबाच्या नियमांना त्यात मान्यता दिलेली असते. वैद्यकीय तपासणी होते. व्हिसाचं काम सहसा फेडरेशन बघते, पण पालकांचं संमतीपत्र तुम्हाला द्यावं लागतं.

औषधांच्या बाबतीत घरी ढिलाई नको. दम्याचा साल्ब्युटामॉल पंप ठरावीक मात्रेपर्यंत चालतो, चोवीस तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि आठ तासांत ६०० पेक्षा जास्त नाही. पण त्याच दम्यासाठी डॉक्टरांनी प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिल्या असतील, तर त्या स्पर्धेच्या काळात बंदीच्या यादीत आहेत आणि आधी उपचारासाठीची सूट घ्यावी लागते. सर्दीच्या काही गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रिनही ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की अडचणीत आणतं. जिममधल्या दादानं दिलेली पावडर, कुठल्याशा वैद्याचं ताकदीचं चूर्ण, हे सगळं बंद. डबीवर घटक लिहिलेले नसतील तर आत काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही, चाचणीत मात्र निघतं. ‘नो युअर मेडिसिन’ हे नाडाचं, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचं अ‍ॅप आहे, त्यात औषधाचं नाव टाकून बघा.

स्पर्धेच्या ठिकाणी पहिल्या सामन्याआधी तांत्रिक बैठक होते. तिथे प्रत्येक संघाचा व्यवस्थापक बारा मूळ पासपोर्ट टेबलावर मांडतो, अधिकारी एकेक उघडून जन्मतारीख आणि नाव यादीशी ताडून बघतात आणि मग संघ पक्का होतो. झेरॉक्स चालत नाही, मोबाइलमधला फोटो चालत नाही.

पैसे मागितले तर

खासगी संस्था परदेशात ‘इंटरनॅशनल कप’ भरवतात, निळी जर्सी देतात, पाठीवर इंडिया लिहितात आणि माणशी रक्कम घेतात. सहल म्हणून जायचं असेल तर खुशाल जा. पण तो भारताचा संघ नव्हे आणि त्या प्रमाणपत्रावर नोकरीतलं आरक्षण मिळत नाही. खरा संघ ओळखायचा असेल तर फिबाच्या संकेतस्थळावर त्या स्पर्धेचं पान आणि भारताच्या बारा खेळाडूंची यादी दिसते का ते बघा.

खऱ्या स्पर्धेतून परत आल्यावर सहभागाचं प्रमाणपत्र आणि फेडरेशनचं पत्र लगेच मागून घ्या, वर्षभरानं पदाधिकारी बदलले की पाठपुरावा करणं कठीण जातं. दहावी-बारावीच्या वाढीव गुणांसाठी प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात त्याच शैक्षणिक वर्षात जायला हवा. पुढे राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंसाठीच्या पाच टक्के आरक्षणाचा लाभ घ्यायचा असेल तर विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. भरतीची जाहिरात येण्याची वाट न बघता ती आधीच उरकून ठेवलेली बरी.